‘कुणीच नाही’चा डबा

“उठलं! पान उठलं!”

पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह ताडकन उभं राहिलं. मागच्यांना काही दिसेना, म्हणून ते खुर्च्यांवर चढले. एका बाईंनी आपली पिशवी माझ्या डोक्यावर टेकवली आणि टाचा उंच केल्या. मी म्हातारा माणूस. पिशवीखालून जेवढं दिसेल तेवढं बघत राहिलो.

व्यासपीठावर माशांची असते तशी काचेची टाकी होती. तिच्यात पाणी होतं, मासे नव्हते. टाकीमागे पांढरेशुभ्र कपडे घातलेले ताजेबाबा उभे होते आणि त्यांच्या हातात लेट्यूसचा गड्डा होता. गाणं सुरू होण्याआधी हाच गड्डा ओल्या पायमोज्यासारखा लोंबत होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आता त्याची पानं कोंबड्याच्या तुऱ्यासारखी ताठ झाली होती. बाबांनी एक पान ध्वनिक्षेपकापाशी नेलं आणि मोडलं. कटकन आवाज सभागृहभर घुमला.

“ऐकलंत? हा पानाचा आवाज नाही, प्राणाचा आहे! पान प्राण ओळखतं, प्राण पाणी ओळखतो, पाणी प्रार्थना ओळखतं! माणूस खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल, डॉक्टरचं यंत्रसुद्धा खोटं बोलेल. पण पान?”

“पान खोटं बोलणार नाही!” लोक एका सुरात म्हणाले.

पान, प्राण, पाणी, प्रार्थना. बाबांची सगळी विद्या या चार शब्दांत होती. पत्ते पिसावेत तसे ते शब्द पिसायचे आणि दर वेळी वाटायचं की हुकमाचाच एक्का निघाला. लोक भारावले होते आणि त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. कारण तो गड्डा बाबांनी आणलेलाच नव्हता. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या फ्रिजमध्ये तो विसरून राहिला होता आणि त्यानेच तो आपल्या हातांनी टाकीत सोडला होता. आपल्या घरची मरतुकडी भाजी आपल्या डोळ्यांदेखत ताठ उभी राहिली, तर माणूस काय म्हणेल?

माझ्या शेजारी खारू बसली होती. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण जिना चढताना, झाडावर जाताना आणि प्रश्न विचारताना ती खारीसारखी तुरुतुरु पळते म्हणून मीच तिला खारू म्हणू लागलो. तिची आई वारली, वडील पोटापाण्यासाठी परमुलखात गेले ते तिकडचेच झाले. म्हणून ती मामाकडे राहते. मामाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे, दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. तो खारूचा मामा, म्हणून सगळ्या गल्लीचाच मामा. मी शाळेत शिकवायचो तेव्हा माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

रविवारी सकाळी माझ्या खोलीत इमारतीतली मुलं जमतात. आमच्या त्या उद्योगाचं नाव ‘कशावरून-वर्ग’. नियम एकच. कोणी काहीही सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी, विचारायचं, “कशावरून?” खारू त्या वर्गातली सगळ्यात चिवट विद्यार्थिनी. पण त्या दिवशी सभेत ती गप्प होती. मामीच्या मांडीवर तिचं तान्हं बाळ होतं आणि त्याच्या छातीतून जुन्या पंपासारखा सूं-सूं आवाज येत होता. बाळाला दम लागायचा. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं होतं आणि मामाला बजावलं होतं, “दुकानात सायकलींना रंगाचा फवारा मारतोस ना, तो घरापासून लांब मार.” मामा हो म्हणाला होता. पण लांब म्हणजे कुठे? मागच्या मोकळ्या आवारात भंगार साचलेलं. ते उपसायला त्याला वेळ मिळत नव्हता. बाळाचा दमही कमी होत नव्हता. मग मामीला कोणीतरी ताजेबाबांचं नाव सांगितलं.

टाळ्या थांबल्यावर एक सेविकाबाई आमच्या रांगेत आल्या. हसऱ्या, गोड बोलणाऱ्या. पांढऱ्या डब्यांची चळत हातात.

“बाळाला किती त्रास होतोय हो,” त्या मामीला म्हणाल्या. “घरात मरगळ शिरलीय. ती कोणाच्या अंगानं आली, ते पानच सांगेल. घरात कोण कोण असतं?”

“मी, हे, बाळ आणि ही.”

“ही थोरली का?”

“नाही, भाची. यांच्या बहिणीची.”

“अस्सं. मग तुमच्याकडे कायमचीच?”

“आता कुठे जाणार ती?” मामी म्हणाली. वाईट हेतूनं नाही म्हणाली, पण एक सुस्कारा टाकून म्हणाली. सेविकाबाईंनी त्या सुस्काऱ्याची नीट दखल घेतली, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्यांनी तीन डबे दिले. मामाचा, मामीचा आणि खारूचा. प्रत्येकात लेट्यूसचा छोटा गड्डा. आणि प्रत्येकाला एकेक ‘कृपाफळ’. मामाला लिंबू, मामीला लिंबू आणि खारूला हे एवढं मोठं, लालबुंद, घमघमणारं सफरचंद.

“फळ खायचं नाही हं,” सेविकाबाईंनी खारूचा गालगुच्चा घेतला. “पानाच्या कुशीत ठेवायचं, झाकण गच्च लावायचं आणि डबा फ्रिजमध्ये. मध्येच उघडायचा नाही. पुढच्या सभेच्या आधी उघडा. ज्याच्या पानावर डाग, त्याच्या अंगात मरगळ.”

“आजोबा, मला सगळ्यात मोठं मिळालं!” खारू माझ्या कानात कुजबुजली.

पुढच्या रविवारी ती वर्गाला आली नाही. मुलं गेल्यावर मी खाली उतरलो, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली. आतून मामीचा आवाज येत होता. कपडे घड्या घालून पिशवीत भरणं चाललं होतं. ते कपडे खारूचे होते.

“आजोबा, मामाचं पान छान राहिलं. मामीचं पण. माझ्या पानावर डाग पडलेत.” तिनं हात पुढे केला. मुठीत एक पान होतं. मधल्या जाड शिरेवर तांबूस ठिपके, जणू कोणी गंज शिंपडला होता. “सेविकाबाई सकाळी येऊन बघून गेल्या. मला मळ्यावर पाठवायचंय. बाबांच्या लेट्यूसच्या मळ्यावर सेवा केली की मरगळ गळते म्हणतात.”

“तिथून कोणी परत आलंय?”

“अजून नाही.” ती थांबली. मग तिनं विचारलं. “आजोबा, बाळाला माझ्यामुळे दम लागतो का? मी त्याला खूप उचलून घेते. माझ्या अंगात खरंच मरगळ आहे का?”

मुलांनो, अशा वेळी ‘नाही गं वेडे’ म्हणणं फार सोपं असतं. पण सेविकाबाईंनी तिला पान दाखवलं होतं आणि मी तिला नुसता शब्द देणार होतो. पानापुढे शब्द हलका पडला असता.

“विचारून बघू,” मी म्हणालो.

“कोणाला?”

“पानालाच. पान खोटं बोलत नाही म्हणतात ना? मग त्याला प्रश्न तरी धड विचारू.”

आधी मी मामाशी बोलायला गेलो आणि तिथे माझं हसं झालं. घरातला एक मरगळलेला गड्डा मी सोबत नेला. त्याचा देठ खालून कापून टाकला, गार पाण्याच्या पातेल्यात गड्डा बुडवला आणि मामाला समजावत बसलो.

“हे बघ, पानात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या इवल्या पिशव्या असतात. तुझ्या ट्यूबांसारख्या. ट्यूबेत हवा भरली की चाक ताठ, इथं पाणी भरलं की पान ताठ. पाणी उडून गेलं की पान पंक्चर. गार पाण्यात ठेवलं की पिशव्या पुन्हा पाणी ओढून घेतात. बाबा मध्ये गाणं म्हणतात ते कशासाठी? पानाला पाणी प्यायला वेळ मिळावा म्हणून!”

बोलता बोलता पान ताठ झालं. मी ते कटकन मोडून दाखवलं. मामी दारात उभी राहून बघत होती. तिनं दोन्ही हात जोडले.

“सर, तुमच्याही हाताला गुण आहे की! आधी का नाही बोललात?”

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढा वेळ शिकवून मी काय मिळवलं, तर गल्लीत अजून एक बाबा!

मामा मात्र हसला नाही. “सर, पान उठतं ते पटलं. पण डागाचं काय? एकाच फ्रिजमध्ये तीन डबे. आमच्या दोघांची पानं कोरी, हिच्यावरच डाग. तुम्ही हिला नातीसारखं वागवता, कळतं मला. माझ्या बहिणीची आहे, माझ्या काळजाला काय होत नाही का? पण माझं पोरगं श्वासासाठी तडफडतं, सर. मी काय करू?”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो दुष्ट नव्हता. घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातात कोणी काठी दिली, तर ती कोणाच्या पाठीत बसते? जो सगळ्यात जवळ आणि सगळ्यात लहान असतो त्याच्या.

मी दुकानात नजर फिरवली. एक सायकल उलटी करून ठेवलेली होती.

“हिला काय झालंय?”

“कर्रकर्र वाजते.”

“मग मालकाच्या घरात कोणाच्या अंगात मरगळ आहे ते विचारलंस का?”

“सर, थट्टा करू नका.”

“थट्टा नाही करत. आवाज कुठून येतो, ते तू कसं शोधतोस?”

“एकेक भाग बघायचा. साखळी बदलून बघायची. नाही थांबला आवाज, तर साखळी जुनीच लावायची आणि पॅडल बघायचं. एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन बदलले की कळत नाही, दोष कुठला होता.”

दारापाशी उभी असलेली खारू ते ऐकत होती. मी तिच्याकडे वळलो. “खारू, तिन्ही डब्यांत सगळं सारखंच होतं का गं?”

“सारखंच. डबा तसाच, गड्डा तसाच, फ्रिज तोच.” मग ती बोलायची थांबली. तिच्या डोळ्यांत ती जुनी खार परत आलेली मला दिसली. “फळ नव्हतं सारखं! मामा, तुम्हाला लिंबं होती. मला सफरचंद!”

“त्यानं काय होतंय?” मामी म्हणाली.

“काय माहीत. पण मामी, दोन भाग वेगळे होते. माणूस पण वेगळं आणि फळ पण वेगळं. मग दोष माझाच कशावरून?”

मामानं सायकलीचं चाक हातानं थांबवलं. मग म्हणाला, “पुढच्या सभेत हिला त्यांच्या स्वाधीन करायचंय. तोवर आठवडा आहे. करा काय करायचं ते. पण डबे मी बांधणार.”

आम्ही बाजारातून एकाच टोपलीतले तीन गड्डे आणले. डबे बाबांचेच होते, तिसरा मामीनं आपला रिकामा करून दिला. पहिल्या डब्यावर खारूनं स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यात लिंबू ठेवलं. दुसऱ्यावर मामाचं नाव, त्यात सफरचंद.

“आणि तिसऱ्यावर मामीचं?” मी विचारलं.

“नको,” खारू म्हणाली. “तिसऱ्यावर ‘कुणीच नाही’.” तिनं तसंच लिहिलं. त्यातही सफरचंद ठेवलं. “यात माणूसच नाही. मग डाग पडले तर कोणाचे?”

मामानं झाकणं लावली, सायकलीच्या जुन्या ट्यूबेच्या पट्ट्यांनी डबे करकचून आवळले आणि अशा गाठी मारल्या की त्या त्याच्याशिवाय कोणाला सोडवता येऊ नयेत. डबे माझ्या फ्रिजमध्ये एकाच फळीवर ठेवले.

तो आठवडा काही चांगला गेला नाही. खारूनं बाळाला उचलून घेणं सोडलं होतं. बाळ हात पुढे करायचं आणि ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची. भरलेली पिशवी दाराशी तशीच होती. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. पिकणारी फळं काय करतात ते मला माहीत होतं, पण निसर्ग काही आपल्या सभेची वेळ पाहून काम करत नाही. फ्रिज फार गार असला, सफरचंद पुरेसं पिकलेलं नसलं, तर?

“आजोबा, नाहीच पडले डाग तर?” खारूनं एकदा विचारलंच.

“तर माझा अंदाज चुकला. दुसरं कारण शोधू. पण अंदाज माझा चुकला म्हणून दोष तुझा ठरत नाही. एवढं पक्कं ध्यानात ठेव.”

ती मान डोलावून गेली. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

सभेच्या दिवशी गर्दी दुप्पट होती. गड्डा उठला, टाळ्या झाल्या, बाबांनी पान मोडलं. मग सेविकाबाईंनी ज्यांची पानं डागाळली होती त्यांना व्यासपीठावर बोलावलं. मी बघत राहिलो. राखाडी स्वेटर घातलेल्या एक आजी पुढे झाल्या, भाच्याच्या घरी राहणाऱ्या. त्यांच्यामागे एक सावत्र मुलगी. एक लंगडणारा धाकटा भाऊ. काम सुटून घरी बसलेला एक म्हातारा सासरा. आणि शेवटी पिशवी हातात घेतलेली खारू. एकाही घरचा कमावता माणूस त्या रांगेत नव्हता. एकाही घरचं लाडकं पोर नव्हतं. मरगळ मोठी हुशार दिसत होती. नेमकी नकोशा माणसाचंच अंग शोधत होती.

“यांना दोष देऊ नका!” बाबा म्हणाले. आवाजात मध. “यांचा दोष नाही. मरगळ हा पाहुणा आहे! मळ्यावर सेवा होईल, घाम गळेल, घामाबरोबर मरगळ गळेल…”

“आजी,” मध्येच खारूचा आवाज आला. ती ध्वनिक्षेपकाच्या जवळच उभी होती, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. “तुम्हाला फळ कोणतं मिळालं होतं?”

आजी गोंधळल्या. “मला? सफरचंद.”

“आणि काका, तुम्हाला?” तिनं लंगडणाऱ्या भावाला विचारलं.

“सफरचंद.”

“ताई, तुला?”

त्या मुलीनं मान खाली घालून सांगितलं, “सफरचंद.”

“बाळ, आता शांत…” सेविकाबाई पुढे आल्या. पण म्हाताऱ्या सासऱ्यांनी विचारण्याची वाटच पाहिली नाही. “मलापण सफरचंदच,” ते म्हणाले आणि समोर बसलेल्या आपल्या मुलाकडे बघून खच्चून ओरडले, “तुला काय मिळालं होतं रे?”

“लिंबू,” मुलगा पुटपुटला.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. नवरा बायकोला, शेजारी शेजाऱ्याला विचारू लागला. लिंबू. लिंबू. आम्हालापण लिंबू. 

बाबा अनुभवी होते. त्यांनी हात उंचावले. “बरोबर! सफरचंद दिलं, कारण सफरचंदच मरगळ खेचून बाहेर काढतं! लिंबू काढत नाही!”

“कशावरून?” खारू म्हणाली.

तेवढ्यात मामा व्यासपीठावर चढला. त्याच्या हातात तीन डबे होते. काळ्या ट्यूबांनी बांधलेले, अजून न उघडलेले. आतल्या पानांचं काय झालंय ते मलाही माहीत नव्हतं. त्यानं आधी खारूचा डबा सोडवला. आत लिंबू आणि हिरवंगार, कोरं पान. ते त्यानं सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. मग आपला डबा उघडला. पान उलगडलं आणि मधल्या शिरेवर तांबूस ठिपके, गंज शिंपडल्यासारखे.

“हा डबा माझा,” मामा म्हणाला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. “मागच्या खेपेला लिंबू ठेवलं तर मी निर्मळ होतो. या खेपेला सफरचंद ठेवलं तर डागाळलो. आठवडाभरात मरगळ माझ्या अंगात आली. ठीक आहे. न्या मला मळ्यावर. भाचीच्या ऐवजी मी येतो.”

सेविकाबाई हसल्या. “तुम्ही कसे याल? तुम्ही घरचे कर्ते…”

“का? मरगळ कर्त्या माणसाला लागत नाही का?”

कोणीतरी मागून हसलं, पण ते हसू लगेच विरलं. सगळ्या सभागृहाला एकदमच काहीतरी उमगू लागलं होतं आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

“अजून एक राहिलाय,” खारू म्हणाली. तिनं तिसरा डबा मामाकडून सोडवून घेतला, त्यावरचं नाव वाचून दाखवलं आणि पान बाहेर काढलं. मामाच्या पानापेक्षाही जास्त डाग. “हा ‘कुणीच नाही’चा डबा. सफरचंद मरगळ खेचून काढतं ना? मग बाबा, ही कोणाच्या अंगातली काढली?”

बाबांनी चारही शब्द पिसून पाहिले. पान म्हणाले, प्राण म्हणाले. पाण्याशी आले आणि अडखळले. टाकीतला गड्डा तेवढा ताठ उभा होता.

मग मामानं मला वर बोलावलं. मी फार बोललो नाही. पिकणारं सफरचंद एक वायू सोडतं. त्याला इथिलीन म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. त्या वायूमुळे शेजारची इतर फळं लवकर पिकतात आणि लेट्यूसचं कोवळं पान मात्र डागाळतं. लिंबू तो वायू जवळजवळ सोडतच नाही. डब्याचं झाकण गच्च असलं की सगळा वायू आतच कोंडतो. म्हणून तर ‘मध्येच उघडू नका’. झालं, एवढीच मरगळ. आणि ती कोणाच्या डब्यात घालायची हे आकाशातून ठरत नव्हतं. ‘घरात कोण कोण असतं’ या गोड प्रश्नाच्या उत्तरावरून ठरत होतं.

“सेविकाबाईंनी फळ ठेवलं,” मी शेवटी म्हणालो, “पण कोणाच्या डब्यात ठेवायचं, ते आपणच सांगितलं होतं. तोंडानं नाही सांगितलं, सुस्काऱ्यानं सांगितलं.”

त्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मामी पहिल्या रांगेत बसली होती. तिनं बाळ शेजारणीकडे दिलं, व्यासपीठावर आली आणि खारूच्या हातातली पिशवी काढून घेतली. दाराकडे चालू लागली, पिशवी छातीशी धरून.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. बाबांचे डबे आणि टाकी दुसऱ्या दिवशी गल्लीतून हलली, मळ्यावर पोलीस गेले, तिथली माणसं बाहेर आली. मामानं आवारातलं भंगार उपसलं आणि रंगाचा फवारा तिकडे नेला. डॉक्टरीणबाईंचं औषध नीट चालू आहे. बाळाच्या छातीतला आवाज गेला नाही, पण कमी झालाय.

पण त्या दिवशी सभागृह रिकामं झालं तेव्हा राखाडी स्वेटरच्या आजी व्यासपीठाच्या पायरीवर बसून होत्या. भाचा मघाशीच निघून गेला होता. “येईल तो,” त्या म्हणत राहिल्या. शेवटी मामा आणि मी त्यांना घरी सोडायला गेलो. भाच्यानं दार अर्धंच उघडलं.

“सफरचंदाचं ते खरं असेल हो, सर,” तो म्हणाला. “पण…”

पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. आजींना आत घेतलं आणि दार लावलं. इथिलीनवर मी तासभर बोलू शकतो. त्या ‘पण’वर करायचा प्रयोग मला अजून सापडलेला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. लेट्यूस घरी आणलात तर पानं धुऊन चांगली निथळून घ्या, कोरड्या फडक्यात गुंडाळा, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि सफरचंदापासून, केळ्यापासून दूर ठेवा. पुष्कळ दिवस टिकेल. सुकलंच, तर गार पाण्यात ठेवा, उठेल. त्याला गाणं लागत नाही. आणि कोणी तुम्हाला सांगितलं की घरातल्या दुःखाचं कारण घरातलंच एखादं माणूस आहे, तर विचारा, ‘कशावरून?’ ते उत्तर तुम्हाला सोयीचं वाटत असेल, तर दोनदा विचारा.

परवा खारू माझ्याकडे आली. कडेवर बाळ होतं. ‘कुणीच नाही’ लिहिलेला डबा आता मामी भाजीला वापरते, तो भरून माझ्यासाठी भाजी घेऊन आली होती. डबा ओट्यावर ठेवून ती घुटमळली.

“आजोबा, माझ्या अंगात मरगळ नव्हती ना?”

एवढं सगळं होऊनही. एवढ्या लोकांसमोर स्वतःच्या हातांनी तो डबा उघडूनही.

“नव्हती,” मी म्हणालो.

तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

“कशावरून?”

मी फ्रिज उघडला. आत एक सफरचंद होतं, दोन गड्डे होते. “बस,” मी म्हणालो, “पुन्हा बघू.”